नऊ वर्षं जुनी प्लांटेड टाकी पुन्हा लावतोय: कामाच्या नोंदी

११ जानेवारी

माशांची, आत जिवंत झाडं लावलेली टाकी, १२० × ४५ × ४५ सेंमी. बाहेरच्या मापाने २४३ लिटर. माती आणि लाकूड वजा जाता पाणी २०० लिटरच्या आसपास. नऊ वर्षं एकाच जागी, एकाच मातीवर. पहिली चार-पाच वर्षं दृष्ट लागावी अशी होती. मग पाणी बदलणं मागे पडत गेलं आणि उडालेल्या पाण्याची भर घालण्यावर भागवलं. आता मागच्या बाजूला क्रिप्ट या पाणवनस्पतीचं रान माजलंय, पुढे माती उघडी पडलीय, अनुबियासच्या प्रत्येक पानाच्या कडेला बीबीए, म्हणजे ते काळं दाढीवालं शेवाळ. मातीत चिमटा खुपसला की बुडबुडे येतात आणि मागोमाग सडक्या अंड्याचा वास.

आजची मापं (केएच म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, जो पीएच घसरू देत नाही; टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार; अमोनिया, नायट्रेट, टीडीएस पीपीएममध्ये):
टाकी: पीएच ५.८, केएच ०, अमोनिया १, नायट्रेट ८० च्या वर, टीडीएस ६४०.
नळ: पीएच ७.६, केएच ६, अमोनिया ०, टीडीएस २२०.

अमोनिया १ दिसतोय आणि मासे ठणठणीत आहेत. यात नवल नाही. पीएच ६ च्या खाली जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा माशांना फारसा त्रास होत नाही. तोच अमोनिया पीएच ८ ला गेला की शेकडा पाच भाग विषारी. म्हणजे ‘फार घाण झालंय, आज अर्धं पाणी बदलून टाकू’ असं कुणी या टाकीत केलं तर संध्याकाळपर्यंत मासे आडवे होऊ शकतात. नळाच्या पाण्याला दोष देऊन मोकळं व्हायचं, एवढंच मग उरतं.

तेव्हा क्रम असा: आधी जुनं पाणी नळाच्या जवळ आणायचं, मग टाकी मोडायची.

एक स्पंज फिल्टर आणून आजच टाकीत सोडला. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, चालू आहेच; हा फक्त मुरायला ठेवलाय. टाकी मोडेन तेव्हा मासे टबात जातील आणि त्यांच्यासोबत अमोनिया खाणारे जिवाणू बसलेला फिल्टर जायला हवा. नवा कोरा स्पंज त्या दिवशी काही कामाचा नाही.

१२ ते २५ जानेवारी

रोज दहा टक्के, म्हणजे दोन बादल्या काढायच्या, दोन घालायच्या. बादलीत क्लोरिन घालवणारं औषध आधी, पाणी नंतर. कंटाळवाणं काम आहे, पण गणित सोपं आहे: रोज दहा टक्के बदललं की दोन आठवड्यांनी जुनं पाणी चौथ्या हिश्शाहून थोडं कमी उरतं.

माती अजिबात हलवायची नाही, खालचा गाळ ओढायचा नाही, कॅनिस्टर उघडायचा नाही. या काळात एकच गोष्ट बदलायची, ती म्हणजे पाणी.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून केएच १ दिसायला लागला आणि पीएच ६.४ वर आला. अमोनिया त्याच सुमारास उतरायला लागला. फिल्टरमधले जिवाणू इतके दिवस आम्लात अर्धमेले होते, केएच मिळाल्यावर कामाला लागले.

२५ ची मापं: पीएच ७, केएच ३, अमोनिया ०, नायट्रेट ३० ते ४० (त्या दोन रंगांत फरक ओळखणं माझ्या डोळ्यांच्या पलीकडचं आहे), टीडीएस ३२५. पुरे.

नायट्रेट मोजणाऱ्यांसाठी: किटमधली दुसरी बाटली जोरजोरात हलवल्याशिवाय वापरू नका. तळाशी बसलेली पूड मिसळली नाही तर नायट्रेट खोटा कमी दिसतो, आणि जुन्या टाकीत खोटा कमी आकडा महागात पडतो.

२८ जानेवारी

मातीचा हिशेब. सगळीकडे अॅक्वासॉइल (पाणझाडांसाठी मिळणारी दाणेदार माती) टाकायचं म्हटलं तर पुढे ३ सेंमी, मागे ८ सेंमी, सरासरी साडेपाच: १२० × ४५ × ५.५, म्हणजे जवळपास ३० लिटर. या सगळ्या उद्योगात सर्वांत मोठा खर्च हाच. म्हणून पुढची १५ सेंमीची पट्टी साध्या बारीक वाळूची ठेवायची आणि मागच्या ३० सेंमीत ७ सेंमी जाडीचं सॉइल. २५ लिटरमध्ये काम होतं. शिवाय माझ्याकडे कोरीडोरा, तळाशी चरणारे मासे, आहेत. त्यांना तोंड खुपसायला वाळूच हवी.

जुनी माती धुऊन वापरण्याचा विचार करून झाला. मूठभर काढून चिमटीत धरली तर दाणा राहिलाच नाही, बोटांना नुसता चिखल. विषय संपला.

दोन ८० लिटरचे प्लॅस्टिक टब आणले: एक माशांना, एक झाडांना. माशांच्या टबावर जाळी बांधायची. नव्या जागी पहिल्या रात्री मासे उड्या मारतात, आणि टबाला काठ फारसा नसतो.

१ फेब्रुवारी: टाकी मोडली

सकाळी सगळ्यात आधी हीटर आणि सीओटू (झाडांसाठी पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड) बंद. हीटर बंद केल्यावर वीस मिनिटं थांबलो. गरम काच पाण्याबाहेर आली की तडकते.

मग वरचं स्वच्छ पाणी नळीने दोन्ही टबांत. त्यानंतर झाडं, मग लाकूड, आणि मासे सर्वांत शेवटी. मासे आधी पकडायला गेलं तर लाकडाखाली पळतात आणि जाळीच्या नादात सगळी माती उधळते. पाणी दहा-बारा सेंमी उरलं, आत लपायला काही राहिलं नाही, की रासबोरा पाच मिनिटांत जाळीत येतात. मातीला हात लावायच्या आधी माशांचा टब झाकून, स्पंज फिल्टर चालू करून, हीटर लावून झाला होता. हीटर टबाच्या प्लॅस्टिकला टेकू द्यायचा नाही. मी तो दोन चोषक लावून फरशीच्या एका तुकड्यावर बसवला आणि तुकडा उभा केला.

क्रिप्ट उपटायला गेलो तेव्हा एकेक रोप येईना. मुळं आडवी एकमेकांत इतकी विणली होती की शेवटी कडेपासून सतरंजी गुंडाळावी तशी सगळी गुंडाळत आणली. खाली काळ्याभोर मातीत पांढरट मुळांच्या वाटा, आणि प्रत्येक वाटेच्या भोवती बोटभर माती तांबूस. झाडाच्या मुळातून प्राणवायू जिथवर पोचत होता तिथवरच माती जिवंत होती. पुढच्या बाजूला, जिथे झाडं नव्हती, तिथे वर दोन सेंमी तपकिरी थर आणि खाली सगळं काळं. तिथला वास खिडक्या उघडूनही जाईना.

केरभरणीने माती भरत असताना त्यात एक काडी हलली. कुहली लोच, मातीत लपणारा सापासारखा बारीक मासा. मासे मोजून टबात टाकले होते, पण कुहली मोजायचे म्हणजे दिसतील तेवढेच. त्यानंतर प्रत्येक केरभरणी ताटात पसरून, हाताने चाचपून मगच बादलीत. वेळ दुपटीने गेला. आणखी दोन सापडले. कुहली असतील तर मातीचं हे काम घाईच्या दिवशी काढू नका.

आता कॅनिस्टर. बेत असा होता की तो माशांच्या टबावर चालू ठेवायचा. टब जमिनीवर, कॅनिस्टरही जमिनीवर; पाणी खाली उतरायला उंचीच नाही, पंप हवा धरतो. हे आधी सुचायला हवं होतं. ‘दोन तासांचं तर काम आहे’ म्हणून दोन्ही कॉक बंद करून तो बाजूला ठेवला. कुहलींनी दोन तासांची संध्याकाळ केली. रात्री झाकण उघडलं तर मातीचाच वास, थोडा सौम्य. बंद डब्यातला प्राणवायू जिवाणूंनीच संपवला, आणि मग त्यांचंच भरलं. आणि डब्याच्या तळाशी, गाळात, चौथा कुहली. जिवंत. हा तिथे किती महिने राहत होता कोण जाणे, अंगाने बाकीच्यांपेक्षा जाड आहे.

डब्यातलं पाणी फेकलं. जिवाणू ज्यांवर बसतात त्या सिरॅमिक रिंगा टाकीच्या जुन्या पाण्यात हलक्या हाताने विसळल्या, जाळीच्या पिशवीत भरल्या आणि माशांच्या टबात एअरस्टोनवर टांगल्या. हेच सकाळी केलं असतं तर काही बिघडलं नसतं: कॅनिस्टर थांबवायचा असेल तर आतल्या रिंगा बाहेर काढा, उघड्या बादलीत ठेवा, हवा सोडा. बंद डब्यात एक तासही नको.

माती पोत्यांवर पसरून उन्हात टाकलीय. पूर्ण वाळली की बागेत. ओली कुठेही टाकायची नाही आणि ओढ्या-नाल्याच्या जवळ तर मुळीच नाही. त्यात गोगलगाई आहेत, डकवीड आहे, वॅलिस्नेरियाचे तुकडे आहेत; बाहेरच्या पाण्यात हे सगळं पसरायला नको.

२ फेब्रुवारी

टबात अमोनिया ०.२५. रिंगांवरचे थोडे जिवाणू मेले असणार. खाणं बंद, वीस टक्के पाणी बदललं.

रिकाम्या टाकीची काच पाहिली. पाण्याच्या रेषेवरचा पांढरा थर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर चिकटवून ठेवल्यावर ब्लेडने निघाला. पण उजव्या कोपऱ्यातली आतली सिलिकॉनची पट्टी वरून हातभर सुटलीय. वर्षानुवर्षं शेवाळ खरवडताना ब्लेड तिच्याखाली जात होतं. दोन काचांच्या मधला सांधा, जो खरा भार पेलतो, तो शाबूत आहे. त्यात कुठे बुडबुडा नाही की पांढुरका डाग नाही. नुसती आतली पट्टी गेलीय.

सुटली तेवढ्याच जागी नवीन लावता येईल का? नाही. नवं सिलिकॉन वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला धरत नाही. काढायची तर चारही उभ्या आणि तळाच्या चारही पट्ट्या. म्हणजे एक आठवडा गेला. माशांना तसंही नव्या सॉइलमध्ये लगेच सोडायचं नव्हतं, म्हणून करूनच टाकतोय.

३ फेब्रुवारी

ब्लेडने जुनी पट्टी सोलली, उरलेला चिकटा खरवडला, स्पिरिटने दोनदा पुसलं. कागदी टेप दोन्ही बाजूंनी, मधे सिलिकॉन, ओल्या बोटाने एका दमात ओढलं आणि टेप लगेच काढली. टेप काढायला दहा मिनिटं उशीर केला तर वर कातडी धरते आणि टेपसोबत पट्टीची कड उचलली जाते. एका पट्टीत तो धडा मिळाला, ती परत केली.

सिलिकॉन घेताना बुरशीरोधक लिहिलेलं घेऊ नका, ते माशांना विषारी. साधं, वाळताना व्हिनेगरसारखा वास येणारं, टाक्यांसाठी चालतं असं लिहिलेलं.

आता सात दिवस हात लावायचा नाही.

६ फेब्रुवारी

मधल्या काळात अनुबियासचा बंदोबस्त. जास्त माखलेली पानं कापून टाकली. उरलेल्यांवर, पाण्याबाहेर काढून, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड फवारलं, पाच मिनिटं ठेवलं, धुतलं, परत टबात. लाकडावरही तेच. मॉस मात्र यातून वगळा, भाजून निघतं.

टबात अमोनिया ०. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर.

८ फेब्रुवारी

बीबीए गुलाबी झालं. मेलं. झिंगे त्यावर तुटून पडलेत.

घरच्यांचा रोजचा प्रश्न: बादल्या परत कधी मिळणार?

१० फेब्रुवारी

टाकी जागेवर. स्टँडवर पाणसळ ठेवली तर डावीकडे ३ मिलिमीटर उतार. नऊ वर्षं तशीच होती, कुणाला दिसलं नाही. स्टँडच्या पायाखाली पातळ चकत्या घातल्या, वर फोमची शीट, त्यावर टाकी. टाकीच्या तळाखाली चकत्या घालायच्या नाहीत, काचेला एकाच बिंदूवर भार येतो.

काठोकाठ भरली. सगळ्या सांध्यांच्या खाली टिशू पेपर. थेंब जरी आला तरी कागदावर डाग दिसतो.

१२ फेब्रुवारी: माती आणि लावणी

कागद कोरडे. पाणी काढलं.

वाळू आणि सॉइलच्या मधे दगडांची रांग, दगडांमधल्या फटीत फिल्टरच्या लोकरीचे तुकडे ठासले, नाहीतर महिन्याभरात सॉइल वाळूत घरंगळतं. सॉइल धुवायचं नाही. लावणी करताना फवाऱ्याने ओलं ठेवलं, पाणी मातीच्या पातळीपर्यंतच.

क्रिप्टची मुळं चार बोटं ठेवून छाटली, जुनी पानंही अर्धी काढली. मागच्या रानातला तिसरा हिस्साच परत लावला, बाकी वाटून टाकला. यावेळी मागच्या बाजूला रोटाला आणि हायग्रोफिला नवीन आणले, भरपूर. सुरुवातीला टाकी गच्च भरायला भरभर वाढणारी झाडंच हवीत; सॉइलमधून सुटणारा अमोनिया ती खातात. इथे काटकसर केली की शेवाळ त्या जागा भरतं. नको असतील तेव्हा पुढे काढता येतात.

लाकडाची फजिती. मोठा ओंडका कुठल्याच टबात मावला नाही म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला होता. नऊ वर्षं पाण्याखाली राहिलेलं लाकूड दहा-अकरा दिवसांत एवढं वाळेल असं वाटलं नव्हतं. पाणी अर्ध्यावर आलं आणि ओंडका तरंगला, येताना चार अनुबियास आणि बरीचशी रोटाला घेऊन आला. आता त्याच्यावर दोन दगड ठेवलेत. दिसायला भयंकर दिसतं.

पाणी भरताना सॉइलवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर ताट, ताटात नळीची बारीक धार. तरीही गढूळ झालंच, पण पलीकडची भिंत दिसत होती.

रिंगा कॅनिस्टरमध्ये, फिल्टर सुरू. दिवा सहा तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. सीओटू दिव्याच्या दोन तास आधी सुरू. आत मासे नाहीत, म्हणून मोकळ्या हाताने.

१३ ते २० फेब्रुवारी

अमोनिया पहिल्या दिवशी ४. सॉइलच्या पाकिटावर ‘लगेच मासे सोडा’ छापलेलं असो वा नसो, स्वतः मोजा.

रोज अर्धं पाणी. पुढच्या आठवड्यात एक दिवसाआड.

क्रिप्टची पानं तिसऱ्या दिवसापासून काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. एकूण एक. ज्यांनी हे आधी पाहिलं नाही ते इथे घाबरून मुळं उपटतात. उपटू नका. विरघळलेली पानं नळीने ओढून घ्या, देठ राहू द्या.

काचेवर तपकिरी थर आलाय, डायटम (एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ). बोटाने पुसला जातो. त्याच्यासाठी ओटोसिंक्लस हा शेवाळ खाणारा छोटा मासा आणू नका. इतक्या नव्या टाकीत डायटम संपलं की तो बिचारा उपाशी मरतो.

२४ फेब्रुवारी

अमोनिया ०.५, नायट्राइट (अमोनियाचं नायट्रेट होतानाचा मधला, विषारी टप्पा) ०.५. केएच नळाला ६, टाकीत २. नवं सॉइल केएच शोषतं. म्हणून टबातल्या माशांचं पाणी आणि टाकीचं पाणी आता परत वेगळं झालंय. टबाचं पाणी बदलताना नळाचं न घालता टाकीतून काढलेलं घालता आलं असतं, पण त्यात अमोनिया आहे. थांबावंच लागेल.

ओंडका बुडाला. दगड काढले.

५ मार्च

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १०. परवा परत मोजून तेच आलं तर मासे.

क्रिप्टच्या प्रत्येक देठाच्या मधोमध तांबूस टोक, नखाएवढं.

८ मार्च: मासे परत

तेच आकडे आले. टबाचं पाणी आता टाकीतल्या पाण्याने रोज थोडं थोडं बदलत आणलं होतं. तरी शेवटचा तास थेंबाथेंबाने. आधी कोरीडोरा आणि निम्म्या रासबोरा. बाकीचे आठवड्याने. फिल्टरवर सगळा बोजा एकदम नको.

कोरीडोरा वाळूवर उतरल्या क्षणी मिशांपर्यंत तोंड खुपसून कल्ल्यांतून वाळू उडवायला लागले. जुन्या टाकीत हे कधी पाहिलं नव्हतं. त्या मातीत ते तोंड घालतच नव्हते.

संध्याकाळी रासबोरा वर येऊन तोंड उघडत होत्या. पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर हिरवा, म्हणजे सगळं ठीक असं तो सांगत होता. पण तो तास-दोन तास मागे असतो. मासे नसताना लावलेला सीओटूचा वेग तसाच राहिला होता. बुडबुडे निम्म्यावर आणले, फिल्टरची तोटी वर उचलून पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवला. अर्ध्या तासात खाली गेल्या.

१५ मार्च

उरलेले मासे, झिंगे, कुहली. कुहली सोडल्यापासून दिसलेले नाहीत. कॅनिस्टरच्या आत शिरणाऱ्या नळीच्या तोंडाला या वेळी स्पंज लावलाय.

रोटाला पृष्ठभागाला टेकली. पहिली छाटणी; शेंडे परत मातीत.

२९ मार्च

सध्याचं: पीएच ६.६, केएच २, टीडीएस २५०, नायट्रेट १०. दिवा सात तास केला. आठवड्याला तीस टक्के पाणी, त्याच दिवशी पोटॅशियम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचा डोस.

डाव्या मागच्या कोपऱ्यात केसासारखं हिरवं शेवाळ धरलंय, तिथे पाण्याचा प्रवाह पोचत नाही. फिल्टरची तोटी तिकडे वळवून पाहतोय. फरक पडला नाही तर छोटा पंप लावीन. स्पंज फिल्टर टाकीतच एका बाजूला ठेवलाय, दिसायला बरा नाही तरी काढणार नाही. केएच आता दर आठवड्याला मोजायचा, १ वर आला तर पाणी बदलण्याचं प्रमाण वाढवायचं.

बादल्या परत केल्या. एक ठेवून घेतली.